लाडू वाटले म्हणजे पोर बसलं

ज्या घरात वर्षाच्या आतलं लेकरू आहे आणि ते फार गुणाचं आहे, रडत नाही, मागत नाही, ठेवलं तिथं पडून राहतं, त्या घरच्या बाईनं हे वाचावं. ज्यांची पोरं रडून घर डोक्यावर घेतात त्यांनी देवापुढं दिवा लावावा आणि आपल्या कामाला लागावं.

मी डॉक्टरीण नाही. माहेरच्या खेड्यातून नांदुऱ्याला जाऊन सातवीपर्यंत शिकले आणि वरवट बकालच्या एका बऱ्यापैकी शेतीवाल्या घरात दिली गेले. आमच्या गावात आता बालवाडी निघाली आहे. तिथल्या बाई म्हणाल्या, तुमच्या वसंताची हकीकत लिहून द्या, मी बायांना वाचून दाखवीन. मी म्हटलं, मी गोड करून लिहिणार नाही. त्या म्हणाल्या, नका करू. तेव्हा आता कोणाला लागलं तर माझा नाइलाज आहे.

गुणाचं लेकरू

महाराष्ट्र राज्य नवंनवं झालं होतं तेव्हाची गोष्ट. माझी आई त्या साली अंथरुणाला खिळली होती, म्हणून माझं पहिलं बाळंतपण माहेरी न होता सासरीच झालं. माझी धाकटी जाऊ लीला हिचेही दिवस भरत आले होते. ती माहेरी गेली आणि तिला मुलगी झाली, सिंधू. माझा वसंता आणि सिंधू यांच्यात फारतर आठवड्याचा फरक.

लीला येईपर्यंतचे महिने माझे सुखात गेले, हे आता लिहिताना लाज वाटते. वसंता रडायचाच नाही. दुधाला जागा करावा लागायचा. गावातल्या बाया न्हाऊ घालताना यायच्या, म्हणायच्या, ‘काय गुनाचं लेकरू आहे व बाई, मायले तरास नाही.’ सासूबाई फुगून जायच्या. त्यांना वाटे, आपल्या थोरल्याच्या पोटी कोणी साधूच आला आहे. मी पहिलटकरीण, मला काय कळणार? मलाही वाटलं, लेकरं अशीच असतात.

मग लीला सिंधूला घेऊन आली आणि दोघांना एका गोधडीवर टाकलं.

त्या दिवशी मला कळलं. कोणी सांगितलं नाही. सिंधू पाय झाडत होती, तिची टाच वसंताच्या कानावर लागत होती, आणि हा आढ्याकडं पाहत पडलेला. लीलाच्या बांगड्या वाजल्या की ती मान वळवायची. हा आवाज ऐकायचा, पण ऐकून मान वळवायला त्याला इतका वेळ लागायचा की तोवर लीला खोलीतून निघून गेलेली असायची. सिंधू भुकेली झाली की गल्ली ऐकायची. याचा आवाज घोगरा, म्हातारा माणूस खाकरतो तसा, आणि तोही क्वचित. जीभ ओठांच्या बाहेर आलेली. पोट मोठं, बेंबी वर आलेली. अंग कधी गरम म्हणून लागायचंच नाही. पायावर घेऊन तेल लावलं तर ते कातडीत मुरायचं नाही, वरच राहायचं.

मी रोज पाहू लागले. दुसरं काही हातात नव्हतं. दिव्याची वात मोठी करून डोळ्यांसमोरून न्यायची, नजर मागं येते का पाहायचं. ओठाला गुळाचं बोट लावायचं, चाटतो का पाहायचं. तळहातावर माझं बोट ठेवायचं, पकडतो का पाहायचं. सिंधूनं पकडलं तर सोडवून घ्यावं लागे. वसंताच्या हातातून बोट आपोआप सुटून यायचं. मी हे सासूबाईंना दाखवलं.

‘तुह्यं लेकरू सुखाचं आहे, ते पाहवत नाही काय तुले?’ त्या म्हणाल्या.

आमच्या घरची रीत

आमच्या सासरी एक रीत आहे. लेकरू पहिल्यांदा पालथं पडलं की कानोले तळून गल्लीत वाटायचे. बसायला लागलं की लाडू. उंबरा ओलांडला की शंकरपाळे, आणि पहिलं पाऊल टाकलं की गुळपापडी. रीत चांगली आहे, मी तिला नावं ठेवत नाही. कोणाचं पोर कधी काय करायला लागलं हे आमच्याकडं तारखेनं कोणी सांगत नाही. बाया खाल्लेल्या पदार्थावरून सांगतात. ‘आम्ही लाडू खाल्ले तवा तूर फुलावर होती, म्हनजे तवापासून बसते पोट्टी.’

सिंधू पालथी पडली. सासूबाईंनी कढई चढवली आणि दोन ताटं मांडली.

मी म्हटलं, ‘आत्याबाई, वसंता पालथा नाही पडला अजून.’

‘पडीन दोन दिवसात. एकाच कढईत दोघांचं होऊन जाते.’

‘पडल्यावर करू ना मग.’

त्यांनी झारा खाली ठेवला. ‘पोट्टीच्या मांगं पोट्टं राह्यलं, अन् तेही थोरल्याचं, हे म्या गावाले सांगू काय? जे आपसूक होनार आहे ते चार दिस आधी सांगतलं तर कोनाचं काय जाते?’

त्यात त्यांचं कपट नव्हतं, एवढं मी त्यांच्या बाजूनं लिहिते. त्यांना खरंच वाटत होतं की तो पडेल. पण एकदा कानोले वाटले गेल्यावर वसंता गावाच्या लेखी पालथा पडलेला होता आणि मी एकटी खोटी.

लाडवांच्या वेळी तर त्यांनी पुढची मजल मारली. सिंधू टेकू न घेता बसली. त्याच दुपारी सासूबाईंनी माजघराच्या कोपऱ्यात दोन बाजूंना दोन उशा लावल्या, मागं ज्वारीचं पोतं, आणि मध्ये वसंताला खोचला. वरून शाल. बाया आल्या, दारातूनच पाहिलं. ‘बसला व, बसला’ म्हणाल्या, लाडू घेतले आणि गेल्या. त्या गेल्यावर मी शाल काढली. तो उशीवर कलंडून पडला होता, लाळ गळत होती, आणि तशाच वाकड्या मानेनं शांत होता. मला त्याची दया आली नाही. मला त्याच्यावर राग आला. रड ना रे मेल्या, असं मी त्याला म्हटलं. तो नाही रडला.

उंबऱ्याचं सांगते आणि पुढं जाते. सिंधू रांगत उंबरा ओलांडून ओसरीत गेली तेव्हा सासूबाईंनी वसंताला काखेत दोन हात घालून उचललं आणि उंबऱ्यावरून फरफटत पलीकडं नेलं. त्याचे पाय लाकडाला घासले. पलीकडं ठेवून मला म्हणाल्या, ‘ओलांडला का नाही?’ लीला उभी होती. ती खाली पाहून हसली. ते हसू मी कधी विसरले नाही, आणि तिला माफही केलं नाही.

यांचं काय?

तुम्ही विचाराल, नवरा काय करत होता? आमच्या घरी बापानं मोठ्यांसमोर आपलं लेकरू उचलायचं नाही. बेशरमपणा समजतात. त्यामुळं वसंताच्या बापानं त्याला अंगावर घेऊन कधी पाहिलंच नव्हतं. कापसाची गाडी नांदुऱ्याला न्यायची, आणायची, दारातून ‘काय रे’ म्हणायचं, संपलं.

एकदा सासूबाई नातेवाइकांकडं गेल्या होत्या. मी गोठ्यात यांच्या मांडीवर वसंताला ठेवला आणि हात काढला. तो ओल्या कपड्यासारखा गोळा होऊन यांच्या पोटावर वाकला. यांनी त्याला सरळ केलं, तो परत वाकला. परत सरळ केलं.

‘माय तर म्हनते बसते,’ हे म्हणाले.

‘तुमच्या मांडीवर आहे. तुम्हीच पाहा.’

‘माय काऊन खोटं बोलीन?’

त्यांनी पोर माझ्याकडं दिलं, धोतर झटकलं. पण नंतर आठवडाभर जेवताना त्यांची नजर माझ्याकडं वळायची नाही, आणि एका सकाळी म्हणाले, नांदुऱ्याच्या डॉक्टरला दाखवून आणू, पोट साफ नसते म्हणून सांगू. पोटाचं निमित्त आईच्या मनाला लागणार नव्हतं. एवढी हिंमत केली त्यांनी, मी तेवढ्यावर खूष झाले.

नांदुऱ्याचा दवाखाना

सासूबाई बरोबर आल्या. हे दवाखान्याच्या दाराबाहेरच उभे राहिले. नातू त्यांचा होता ना.

डॉक्टर भला माणूस होता. त्यानं वसंताचं पोट दाबलं, डोळे पाहिले आणि विचारलं, ‘मूल पालथं कधी पडलं?’

सासूबाईंनी सांगितलं.

‘बसायला कधी लागलं?’

‘सहाव्या महिन्यात. लाडू वाटले ना आमी.’

‘बसला नाही तो,’ मी म्हटलं. ‘कधीच नाही बसला.’

डॉक्टरनं माझ्याकडं पाहिलं, मग सासूबाईंकडं. त्या हसल्या. ‘पयलं बाळंतपन आहे, डॉक्टरसाहेब. जरा घाबरट आहे.’ आणि बाहेरच्या बाकावर आमच्याच गावची एक बाई नाकात औषध घालून बसली होती, तिला हाक मारली. ‘काव, बसला का नाही आमचा वसंता?’

ती बाई म्हणाली, ‘हाव, बसला. म्या खुद लाडू खाल्ला.’

डॉक्टरनं हिशेब केला. जे मूल वेळेवर पालथं पडलं, वेळेवर बसलं, उंबरा ओलांडून गेलं आणि आता मान टाकून पडलं आहे, त्याचं मागाहून काही बिघडलं असणार. त्यानं मुडदूस सांगितला. माशाचं तेल पाजा, अंगाला तेल लावून कोवळ्या उन्हात ठेवा, हळूहळू ताकद येईल. मी त्या डॉक्टरला दोष देत नाही. त्याच्यापुढं तीन माणसं होती, दोघी म्हणत होत्या बसला आणि एक म्हणत होती नाही. त्यात ती एक सून होती.

परतताना सासूबाई बसमध्ये मला म्हणाल्या, ‘चारचौघात सासूले खोटं पाडतं? शिकलेल्या पोरी अशाच.’ हे खिडकीतून बाहेर पाहत होते.

त्यानंतरचे महिने वसंता अंगणात उन्हात पडून असायचा, तेल चोपडून, उन्हाळी वांगं वाळत घालतात तसा. मग गल्लीतून कोणी डोकावेल म्हणून सासूबाईंनी तेही बंद केलं. गुळपापडी काही त्यांना वाटता आली नाही. बसलेलं पोर उशांनी दाखवता येतं, चालणारं कसं दाखवणार? तेव्हा ‘नजर लागते’ असं म्हणून त्याला मधल्या खोलीत ठेवायला लागल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. लीला सिंधूला त्या खोलीत येऊ देईना. तिनं तोंडानं काही म्हटलं नाही, दार लोटून घ्यायची.

मी अजून रोज पाहत होते. दिवा, गूळ, बोट. काही बदलत नव्हतं. सिंधूला दात आले, सिंधू धावू लागली, आणि वसंता होता तिथंच होता. गोष्ट ऐकताना वाटेल की मी पोर उचलून पळून का गेले नाही. कुठं जाणार होते? बरसातीत पूर्णा नदी चढली की वाट बंद, आणि वाट उघडी असली तरी सासूच्या हुकमाशिवाय घराबाहेर पडलेल्या सुनेला तिचा बापही दारात उभं करत नाही. निदान आमच्याकडं तेव्हा करत नव्हता.

माहेरी

दिवाळीला भाऊ न्यायला आला. सासूबाईंना नाही म्हणता येईना. आई बरी होऊन हिंडूफिरू लागली होती. तिनं वसंताला माझ्याकडून घेतलं आणि घेतल्याबरोबर तिचा चेहरा उतरला.

‘बसव बरं त्याले,’ आई म्हणाली.

‘तो बसत नाही.’

एवढं वाक्य कोणीतरी खरं मानावं म्हणून मला माहेरी यावं लागलं. तिथं कोणी आमच्या घरचे लाडू खाल्ले नव्हते. आई त्याला मांडीवर घेऊन बसून राहिली, त्याच्या कपाळावर आलेले केस मागं सारत. बाबांनी सासरी निरोप धाडला की आम्ही लेकराला नागपूरला नेत आहोत. दुसऱ्या दिवशी हे आणि सासूबाई नांदुऱ्याच्या स्टेशनवर हजर. सासूबाई माझ्या बाबांना म्हणाल्या, ‘तुमच्या पोरीनं ध्यास घेतला आहे. होऊन जाऊ द्या तिच्या मनासारखं.’ गाडीत त्या दशम्या सोडून सगळ्यांना वाढत होत्या.

तो दिवस

मोठा सरकारी दवाखाना. डॉक्टरीणबाई वयस्क, जाड काचांचा चष्मा, बोलणं विळ्यासारखं. आमचा नंबर आला. मी वसंताला टेबलावर ठेवायच्या आधीच त्यांनी त्याच्याकडं पाहिलं आणि हातातला पेन खाली ठेवला. त्यांना तेव्हाच कळलं होतं, हे मला पुढं कळलं.

‘कधी बसला?’ त्यांनी मला विचारलं.

‘सहाव्या महिन्यात,’ मागून सासूबाई. ‘लाडू वाटले, बाईसाहेब.’

डॉक्टरीणबाईंनी वसंताला टेबलावर बसवलं. दोन्ही हातांनी धरून सरळ केलं, सासूबाईंकडं पाहिलं आणि हात काढून घेतले. तो पुढं पडला. कपाळ टेबलावर आपटलं. आवाज झाला. तो रडला नाही, फक्त त्यानं तो घोगरा आवाज काढला.

‘लाडू कोणी खाल्ले, यानं का तुम्ही?’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मला त्या क्षणी आनंद झाला. लेकराचं कपाळ लाल झालं होतं आणि मला आनंद झाला, हेही लिहून ठेवते.

तो आनंद फार टिकला नाही. त्यांनी शिकाऊ डॉक्टरांना बोलावलं. पोरं-पोरी टेबलाभोवती जमली. ‘जीभ पाहा. बेंबी पाहा. कातडी हात लावून पाहा. आवाज ऐका.’ प्रत्येकानं हात लावला. एकानं आवाज ऐकायला चिमटा काढला. मी उभी होते. मी वर्षभर जे जे पाहिलं होतं आणि सांगितलं होतं ते सगळं त्या एकेक करून त्यांना दाखवत होत्या.

मग मला सांगितलं. गळ्यात एक गाठ असते, तिच्या रसावर शरीर वाढतं आणि मेंदू वाढतो. याच्या गळ्यात ती जन्मापासून नाही किंवा असून नसल्यासारखी. औषध आहे, गोळी आहे, रोज द्यायची, जन्मभर.

‘बरा होईल?’ यांनी विचारलं.

‘अंगानं वाढेल. चालेल. डोकं जेवढं मागं राहिलं ते भरून येणार नाही.’

मी विचारलं, ‘आधी आणला असता तर?’

त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं आता त्या धीराचं काही बोलतील. ‘दोन-तीन महिन्यांचा असताना आणला असता तर बाकीच्या पोरांसारखा शाळेत गेला असता,’ त्या म्हणाल्या आणि पुढच्या बाईला हाक मारली.

दोन-तीन महिन्यांचा असताना. म्हणजे लीला सिंधूला घेऊन आली, दोघांना एका गोधडीवर टाकलं, तेव्हा.

वॉर्ड

काही आठवडे आम्हाला ठेवून घेतलं. पहाटे झाडूवाली यायची, पाण्यानं फरशी धुवायची, आमची वळकटी भिजायची. मग सुया, मग डॉक्टरांची फेरी, मग दुपारचं पातळ वरण. संध्याकाळी हे फाटकाशी उभे राहायचे, आत यायला लाजायचे. सासूबाई एकदाच आल्या, वसंताच्या हातात काळा दोरा बांधून गेल्या.

शेजारच्या खाटेवर गोंदियाकडची एक बाई होती. तिच्या मुलाचं अंग सुजलेलं, डोळे उघडायचे नाहीत. गोळी दोन चमच्यांमध्ये दाबून तिची भुकटी कशी करायची आणि अंगावरच्या दुधात कालवून उपाशीपोटी कशी पाजायची हे तिनं मला शिकवलं. नर्सला वेळ नव्हता. ती रोज वसंताची गोळी पाहायची आणि म्हणायची, ‘तुमच्याले औषध आहे, बाई.’ तिच्याला नव्हतं. तिच्यापुढं रडायची मला सोय नव्हती, आणि ते बरंच झालं.

एके दिवशी वसंता रडला. भुकेनं, मूठ आवळून, तोंड लाल करून, साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा रडला. बाकीच्या बायांनी कानांवर हात ठेवले. मी त्याला लगेच पाजलं नाही. जरा वेळ ऐकत बसले. त्या सगळ्या काळात मला मिळालेलं सुख म्हणाल तर ते.

गोळी

घरी आल्यावर वेगळंच निघालं. दवाखान्यात एका शिकाऊ डॉक्टरानं मोठ्या हौसेनं यांना सांगितलं होतं की ही गोळी जनावराच्या गळ्यातल्या गाठीपासून करतात. यांनी ते आईला सांगितलं. काय गरज होती? पण या माणसाला जे सांगायचं ते सांगता येत नाही आणि जे गिळायचं ते गिळता येत नाही. सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ. त्यांनी गोळ्यांची बाटली चिमट्यानं उचलून गोठ्यात ठेवली. तेव्हापासून मी वसंताला गोठ्यात नेऊन गोळी द्यायची, त्याचं तोंड धुवायची, मग त्याला घरात घ्यायची. थंडीतसुद्धा. पण एकदाही चुकवली नाही.

तो वाढला. दात आले, जीभ आत गेली, केस मऊ झाले. तिसऱ्या वर्षात बसला, चौथ्यात उभा राहिला. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, पण झोपा तरी झाला. तो पहिलं पाऊल टाकून खाटेपासून भिंतीपर्यंत गेला त्या दिवशी सासूबाई गूळ काढायला उठल्या. मी फळीवरून डबा आधीच उतरवून ठेवला होता आणि त्यावर बसले होते. त्या माझ्याकडं पाहत राहिल्या, मी उठले नाही. त्या घरातलं माझं पहिलं भांडण मी असं न बोलता केलं.

तुम्ही काय पाहाल

पुस्तकातलं मला येत नाही. एवढंच सांगते, की आपलं लेकरू दुसऱ्या लेकराच्या शेजारी ठेवून पाहा, आणि लाज धरू नका. फार झोपतं, फार शांत आहे, आवाज जाड आहे, अंग गार लागतं, दोनदोन दिवस शी करत नाही, तर गुणाचं म्हणू नका. दवाखान्यात न्या. डॉक्टरनं विचारलं तर जे डोळ्यांनी पाहिलं तेच सांगा, आणि घरातलं कोणी मध्ये बोललं तर त्यांना बाहेर बसायला सांगा. सासू रुसेल. रुसू द्या.

आता

वसंता आता अकरावं ओलांडून गेला. शाळेत अजून पहिलीच्या पोरांमध्ये बसतो. सिंधू त्याच्यापेक्षा हातभर उंच झाली आहे, आमच्या तालुक्याच्या जळगावला शिकायला जाते. त्याला नवी गोष्ट शिकायला फार दिवस लागतात. फाटकाची कडी लावायला शिकला तेव्हा एक आख्खा पावसाळा गेला. लाल आणि हिरवा वेगळा सांगायला त्याहून जास्त. पण एकदा बसलं की पक्कं बसतं, मग निघत नाही. कडी त्यानं कधी उघडी ठेवली नाही.

गेल्या वर्षी त्यानं मला विचारलं, ‘माय, सिंधू अन् मी संगच झालो ना?’

‘हाव.’

‘मंग ते मोठी काऊन झाली?’

‘तुले औषध उशिरा भेटलं.’

‘काऊन उशिरा?’

हा प्रश्न तो कधीतरी विचारील हे मला माहीत होतं, आणि मला त्याचं उत्तर माझ्या तोंडानं द्यायचं नव्हतं. सासूबाई ओसरीत तूर निवडत होत्या. आता थकल्या होत्या, नजर गेली होती, बोटांनी चाचपून खडे काढायच्या. त्यांनी एकदा, फक्त एकदा कबूल करावं, तेही माझ्यापुढं नको, त्याच्यापुढं, एवढंच मला हवं होतं. मी म्हटलं, ‘आजीले इचार.’

तो गेला. त्यांच्याजवळ बसला आणि विचारलं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, त्याचं डोकं मांडीवर ओढून घेतलं आणि फार मायेनं त्याच्या केसांतून हात फिरवला.

‘तुह्या मायनं तुले दवाखान्यात नेलं नाही रे बापू. मी सांगू सांगू थकली.’

त्यानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं.

मी त्याला तिथल्या तिथं सगळं सांगितलं. उशा, शाल, उंबरा, नांदुरा, नागपूर. तो तोंड उघडं ठेवून ऐकत होता. दुसऱ्या दिवशी परत सांगितलं, तिसऱ्या दिवशी परत. हे मध्ये पडले, म्हणाले, राहू दे, त्याले कायले? मी महिनाभर सांगत राहिले. त्याला त्यातलं एक अक्षर बसलं नाही. आजीचं मात्र पहिल्याच खेपेला बसलं.

सासूबाई त्याच हिवाळ्यात गेल्या. मी आता गोळी स्वयंपाकघरात ठेवते. तो सकाळी येतो, तोंड उघडतो, गोळी गिळतो. मग म्हणतो, ‘मायनं मले दवाखान्यात नेलं नाही.’ रागानं नाही म्हणत. फाटकाची कडी लावावी तसं रोज म्हणतो. मी म्हणते, पाणी पी.